नऊ मिनिटं

मला विचाराल तर पिक्चर मला आवडला नाही.
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर पुढचं सगळं वकिली वाटेल.

मी तिकिटं फाडते.
व्होलोसच्या बंदरामागे आमचं उघडं थिएटर,
वर आभाळ, खाली खडी,
पडदा म्हणजे चुना मारलेली भिंत
आणि तिच्यावर एक पाल,
जी तीन उन्हाळे प्रत्येक सिनेमात काम करते आहे.

त्या जुलैत तो आला.
शेवटी एक बाई कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवते
आणि त्याच्याकडे बघत उभी राहते.
नऊ मिनिटं.
संगीत नाही, शब्द नाही, कुणी दारही वाजवत नाही.
मग अंधार. मग नावं.

पहिल्या रात्री तिसऱ्या मिनिटाला शिट्टी आली.
चौथ्याला आमचा औषधवाला थ्रासिवुलोस उठला,
खुर्ची पाडून म्हणाला, पैसे परत द्या.
त्याची बहीण एव्हान्थिया, शाळेत भूगोल शिकवते,
शेजारीच तोंडावर रुमाल धरून रडत होती.
दोघं एकाच स्कूटरवरून आली होती.
ती चालत घरी गेली.

सकाळी गाव उभं चिरलेलं.
मासळीवाला सार्डिन तोलता तोलता विचारी,
तुम्ही कुठल्या बाजूचे?
आणि काटा त्याप्रमाणे झुके.
ज्यांनी पाहिलाच नव्हता
त्यांचं मत सगळ्यात पक्कं.

थ्रासिवुलोस म्हणे, रिकाम्या डब्याला चांदीचं झाकण.
एव्हान्थिया म्हणे,
तू कधी कुणाची वाट पाहिलीस का रे?
हे तिनं बोलायला नको होतं.
त्याची बायको मेलबर्नला जाऊन सहा वर्षं झाली होती
आणि दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती.
पुढे ती दोघं चिठ्ठीपुरतीच बोलली:
दोन सकाळी, एक रात्री, जेवणानंतर.

मी फाटकाशी उभी राहून
ती नऊ मिनिटं अकरा रात्री पाहिली.
पहिल्यांदा विजेचं बिल आठवलं.
चौथ्यांदा राग आला, नेमका कुणाचा, कळलं नाही.
सातव्यांदा दिसलं, तिची टाच भेगाळलेली आहे
आणि ती डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेते,
मी दहा वाजता काउंटरशी घेते तसा.
तरी नाही आवडला.
स्वतःचे पाय बघायला मला तिकीट लागत नाही.

आणि मग पेलागिया.
तिसऱ्या मजल्यावर राहते, ब्याऐंशी वर्षांची,
सगळे सिनेमे बाल्कनीतून फुकट बघते,
तिरके, त्यामुळे तिच्यासाठी सगळे नायक
वाम माशासारखे लांबट.
शेंगा सोलता सोलता वरून ओरडली:
अगं आर्गिरो,
तिनं गॅस कुठे पेटवलाय?

अकरा रात्री.
एवढी भांडणं.
खाली कुणी बघितलंच नव्हतं.

शेवटच्या खेळाला बहीणभाऊ दोघंही आली.
वेगवेगळी तिकिटं, मध्ये तीन खुर्च्या मोकळ्या.
बाईनं भांडं ठेवलं आणि सगळं अंगण
भांड्याखाली बघायला लागलं.
समोरच्या हॉटेलची हिरवी पाटी
नेमकी त्याच कोपऱ्यावर पडते.
ज्योत असेल, नसेल.
सहाव्या मिनिटाला पाल सरकत आली
आणि अगदी तिथेच, भांड्याच्या बुडाशी, बसली.
कुणीतरी हसलं.
शिट्टी मात्र कुणी मारली नाही.

बाहेर पडताना थ्रासिवुलोसनं
माझ्याकडे न बघता मला विचारलं, पेटवला होता का?
मी म्हटलं, मी तिकिटं फाडते.

मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज,
त्यावर दोघं, आणि दोघंही मोठमोठ्यानं:
पेटवला होता, नव्हता, होता, नव्हता.
कोण काय म्हणत होतं
ते वळणापर्यंत मला ऐकू आलं नाही.

खुर्च्या मिटल्या. वरून शेंगांची सालं पडत होती.
घरी जाऊन कॉफी ठेवली
आणि बटण दोनदा तपासलं.

पिक्चर वाईटच होता.