निरोगी, क्रमांक सात

सकाळी साडेसातला विर्वे ट्रे आणून ठेवते,
जांभळ्या टोपणांच्या नळ्या, अजून कोमट.
बाहेर उणे एकोणीस.
एमायगी नदी काठांकडून गोठत आलीय,
मधली काळी पट्टी तेवढी वाहतेय.

आजारी रक्त वॉर्डातून येतं.
निरोगी रक्त याच इमारतीतलं:
कोपरात कापूस दाबून बाहेर पडणारे लोक,
प्रत्येकाला एक चॉकलेट, एक सही, एक क्रमांक.
नावांची वही विर्वेच्या कपाटात,
किल्ली विर्वेच्या गळ्यात.
मला नुसते आकडे.

चार वर्षं हेच.
नळी कलती धरायची, रक्त द्रवावर सोडायचं
थेंबाथेंबानं, साय मोडू नये अशा बेतानं.
मग सेंट्रिफ्यूज, तीस मिनिटं, ब्रेक बंद.
तळाशी लाल, वर पिवळं,
आणि मध्ये दोऱ्याएवढं धुकट कडं.
माझा अख्खा प्रबंध त्या दोऱ्याला लटकलाय.
रक्ताचं पाणी करणं म्हणतात ना,
मी ते खरंच करते, मोजून, दहा मिलिलिटर बफरमध्ये.

हेल्दुर, माझे मार्गदर्शक, विषय एका वाक्यात विचारतात.
पहिल्या वर्षी मी म्हणाले,
शरीर आपलं कोण, परकं कोण हे कसं ओळखतं.
"मोठं झालं. लहान कर."
आता वाक्य असं आहे:
पन्नाशीनंतर, एका प्रकारच्या बी-पेशींवरचं, एक प्रथिन.
"अजून लहान."

गुरुवारी क्रमांक सात मशीनवर लावला.
पडद्यावर ठिपके उमटू लागले.
निरोगी माणसाच्या बी-पेशी दोन घोळक्यांत उभ्या राहतात,
एकीकडे थोड्या जास्त, दुसरीकडे थोड्या कमी,
लग्नघरातल्या दोन पक्षांसारख्या.
इथे एक बाजू जवळजवळ रिकामी.
सगळे एकाच अंगाला, खेटून, एकसारखे,
एकाच पेशीची हजारो लेकरं.

मशीन धुतलं. पुन्हा रंगवलं. पुन्हा तेच.
नवीन अँटिबॉडीची बाटली फोडली, महागडी.
तेच.

हेल्दुर बराच वेळ पडद्यासमोर उभे होते.
"बहुतेकांना काही होत नाही," म्हणाले,
"शंभरांत एखाद्याला, कधीतरी."
चष्मा पुसला.
"निकषात बसत नाही. वगळ."

मी विर्वेकडे गेले. तिनं वही माझ्याकडे पाठ करून उघडली.
संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर दोन चौकटी असतात:
अनपेक्षित काही आढळल्यास मला कळवावे. हो. नाही.
"नाही," विर्वे म्हणाली.
मग, जरा थांबून, "दोनदा गिरवलंय."
आणि किल्ली परत ब्लाऊजच्या आत गेली.

तेव्हापासून मी माणसांकडे बघते.
दारावरचा एंडेल, बूट आपटून बर्फ झाडतो,
हिवाळाभर खोकतो, पण तो दरवर्षीच खोकतो.
उंदरांच्या खोलीतली कीर्सी, काळी वर्तुळं,
पण तिला जुळी आहेत.
त्या मंगळवारी हेल्दुरच्या बाहीखाली कापूस होता का?
आठवत नाही.
आठवायचा प्रयत्न मी अर्ध्यावर सोडते.

पेशींना हे जमतं.
एकमेकींच्या अंगाला अंग लावतात, हाताळतात,
तू आपली का, असं विचारून पुढे जातात.
ज्यांना हा प्रश्न नीट विचारता येत नाही
त्यांना थायमसमध्येच संपवतात,
शंभरांतल्या पंचाण्णवांहून जास्त.
मी एवढं शिकून
विचारू शकत नाही.

रात्री तक्त्याखाली एक ओळ लिहिली:
एक निरोगी नमुना विश्लेषणातून वगळण्यात आला.
"निरोगी" खोडलं.
मग उरलेलं वाक्य कुणाबद्दल आहे तेच कळेना,
म्हणून परत लिहिलं.

दुपारी कँटीनमध्ये लेइदा सूप वाढते, बीटाचं.
बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
"आणखी?" विचारते.
पोट भरलेलं असतं.
मी वाटी पुढे करते, तिच्या दंडाकडे बघत,
आणि तिला वाटतं मला फार आवडलं,
म्हणून ती तळापासून ढवळून
घट्ट घट्ट देते.