दम

मनामात उजेड खालून येतो.
पहिल्याच दिवशी तिरोडकर म्हणाले हे,
वेंगुर्ल्याहून आणलेलं काळं घोंगडं
खुर्चीपुढे अंथरता अंथरता.
वाळू उजेड परत फेकते, समुद्रही फेकतो,
मग हनुवटीखाली सावली उरत नाही.
सावली नाही तर नाक नाही, वय नाही,
नुसती भाकरी, दोन डोळ्यांची.

खिडकीला गलबताचं जुनं शीड.
त्याच्या ठिगळाचा चौकोन
प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपाळावर पडायचा;
मी तो मागाहून काचेवर
पेन्सिलीनं भरून काढायचो.
काचेवर सगळं उलटं.
मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या शुभ्र झग्याची
मध्यरात्र झालेली,
आणि जुमा बिन सालमीन, पाणबुड्या,
दुधासारखा.

हंगाम संपल्यावर आला होता,
कसल्याशा कागदासाठी, नातवाला घेऊन.
"दम धर," तिरोडकर म्हणाले,
आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.
लेन्सचं झाकण काढून सहा मोजायचे.
मोजायचे ते मराठीतच.
व्यापारी चाराला हलला होता,
कस्टमचा कारकून तिनाला शिंकला होता.
जुमा हलला नाही.

सहा झाले. झाकण बसलं.
"खलास," तिरोडकर म्हणाले.
तो तसाच.
आम्ही उगाच हसलो.
बारा. वीस. चाळीस असतील.
तिरोडकरांनी टाळी वाजवली,
मग त्याच्या नाकासमोर बोटं हलवली.
म्हाताऱ्याचे डोळे उघडे,
पण बघत होते ते इथलं काही नव्हतं.

"कान गेलेत," नातू म्हणाला, "पाण्यात. दोन्ही."
पुढे होऊन त्यानं आजोबांची बाही धरली,
दोरीला देतात तसे
दोन हिसके दिले,
आणि जुमा वर आला.

ती काच मी अजून विसरलेलो नाही.
मिशीचा केस न् केस मोजावा अशी.
फक्त बुबुळांवर मिठानं धरलेली साय.
"दोन ठिपके घाल उजेडाचे,
नाहीतर आंधळा दिसेल."
मी पेन्सिलीला टोक केलं.
एका डोळ्यात घातला.
दुसऱ्यापाशी हात थांबला तो थांबलाच.
तिरोडकरांच्या लक्षात आलं असेल. बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी फोटो घ्यायला दोघं आले.
जुमानं तो खिडकीशी नेला,
गळ्याखालच्या काळोखावर अंगठा ठेवला
आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं,
काहीतरी विचारलं.
नातू जरा लाजला.
"विचारतोय, एवढ्या खोल
तुम्ही उतरलात कसे?"

तिरोडकरांनी रुपया घेतला.
घोंगडं दारात नेऊन झटकलं.
बरीच वाळू निघाली.