चार दशांश सात

रात्री दीडला, मिरजेत, दुकानाच्या माळ्यावर
प्रोसेसर चार दशांश पाचवर चढवला.
चालला.
सहावर चालला.
सातवर अकरा सेकंद, मग पडदा निळा.

मदरबोर्ड सहा वर्षांचा. वीज पुरवणाऱ्या
त्या चिमुकल्या चौकोनांपाशी बोट नेलं —
चटका.
प्रोसेसर मात्र म्हणतोय, अजून आहे माझ्यात.

सांगलीचा खराडे म्हणतो, बोर्ड बदल, साडेचौदा हजार,
पाच सहज जाईल.
मग पंखा मोठा लागेल, पॉवर सप्लायचंही बघू,
चहाबरोबर खारी देऊ का, अशा आवाजात.

खाली दस्तगीरचाचा जवारी काढत बसलेले.
झोप त्यांनाही नाही.
विचारलं, तार अर्धा सूर वर न्यायची झाली तर?
कानस न थांबवता म्हणाले,
"तार जाते रे. घोडीखाली तबली बसते."
मग बऱ्याच वेळाने,
"वाजवणार कोण आहे?"

तासाभराची मैफल मिक्स होऊन बाहेर पडायला
नऊ मिनिटं. नव्या बोर्डावर आठ.
आणि ह्या नऊ मिनिटांत मी करतो तरी काय?
जिन्यात बसतो. वाळत टाकलेल्या भोपळ्यांवर
टिचकी मारत जातो,
एखादा बरा बोलतो.

पुन्हा चार दशांश पाच.
पंख्याचं कण्हणं खाली आलं,
कानशीचा आवाज वर आला.

खराडेचा नंबर तरी खोडला नाही.
सातवरचे ते अकरा सेकंद
मी ऐकलेत.