शून्याची चूक

मकरपुऱ्याच्या शाळेला कंपनीने
वीस व्हर्नियर कॅलिपर दिली,
इन्स्पेक्शनमधून बाद झालेली.
फोटोत साहेब, फीत, पेढ्यांचा खोका,
कडेला माझा अर्धा खांदा.

शनिवारी जातो. रिटायर टर्नर, नववी नापास.
बाई खुर्ची देतात. बसवत नाही.

मुलींना सांगतो,
काहीही मोजण्याआधी जबडे मिटा.
शून्यासमोर शून्य येतंय का बघा.
नसेल येत, तर ती चूक आपल्या हातातली.
वहीत वर लिहा, मग वजा करा.

रमीला राठवाने खडू मोजला, शिसपेन्सिल मोजली,
मग दप्तरातून काढली आईची बांगडी.
आई आमच्याच शेडमध्ये लोखंडाचा कीस झाडते.

‘आतून सत्तावन्न.
लग्नात तेल लावून चढवलेली, काका.
आणि मनगट एकेचाळीस,
काल ती झोपली होती तेव्हा.’

कॅलिपर घरी न्यायची परवानगी नाही.
मी खिडकीबाहेर बघितलं.

‘चूक किती धरू?’

त्या कॅलिपरची मला पाठ होती,
पॉइंट झिरो सहा.
तिने दोन्हींतून वजा केली, नीट, हातचा घेऊन.
फरक
होता तेवढाच राहिला.