राखाडी

द्वारका सर्कलला, पुलाखाली माझं पाट्यांचं दुकान.
फिल्म सोसायटीचा कापडी फलक रंगवला,
पैशांऐवजी त्यांनी पास दिला:
कोरियन सिनेमा, मठातलं जगणं.

दहाव्या मिनिटाला खालची अक्षरं गेली.
आयोजक वायरी हलवत राहिले,
निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.
मी बसलो. अक्षरं तर रोजचीच,
एक दिवस नुसता रंग बघू.

पडद्यावर बर्फ. म्हातारा भिक्खू, एक पोरगा,
दोघांच्या अंगावर असा राखाडी
की मी गुडघ्यावर बोटानं मिसळून पाहू लागलो.
पांढऱ्यात नुसता काळा घातला तर तो मरतो.
हा जिवंत होता.
थेंबभर निळा असणार, आणि कुठेतरी गंज.

मग एक झाड, पान म्हणून नाही,
नुसती फळं, टोमॅटोसारखी, केशरी.
पोरगा चढतो, तोडतो, टोपली भरतो,
शेवटच्या फळाला हात घालतो
तोच म्हातारा खालून काठीनं
खोडावर टक् करतो.
एकदाच.
पोरगा उतरतो. फळ राहतं.
कॅमेरा हलत नाही. मला वाटलं मशीन अडकलं.

‘पाखराचं हाय ते,’ पुढच्या रांगेतून गांगुर्डे मामा,
नोट प्रेसमधून रिटायर झालेले.
तुम्हाला कसं कळलं?
‘बत्तीस वर्षं बंडलं मोजली. माझं एक नव्हतं.’
आणि खोकले.
पाखरू काही आलं नाही, सीन संपला.

सकाळी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढलो.
एका खोलीत दगडी ओटा, कुणा भिक्खूची झोपायची जागा.
आडवा झालो तर पाय बाहेर.
पाठीला जो गारवा लागला
तोच रंग होता तो.
खाली हायवेवर नाशिक हॉर्न वाजवत होतं,
पोढीतल्या पाण्यात वेफर्सचं पाकीट, केशरी.
काढायला हात घातला
आणि कुणी टक् करेल म्हणून जरा थांबलो.
मग काढलं.

दुकानात जुन्या पत्र्यावर तो राखाडी लावून पाहिला.
‘कुणाची ऑर्डर?’ कौसल्यानं विचारलं.
ओला होता तोवर जमला होता,
वाळला तसा सिमेंट झाला.
निळा जास्त पडला असेल.
एमएच पंधराच्या तीन पाट्या द्यायच्यात आज,
त्या झाल्या की परत.