अस्तर

हार्टफर्डच्या विमा कंपनीचा अर्ज, सन सत्तेचाळीस.
सातवा रकाना: धर्म.
मी लिहिलं, एपिस्कोपल.
स्पेलिंग आदल्या रात्री लायब्ररीत पाहून ठेवलं होतं.
नाव तर आधीच बेतून झालेलं:
फ्रुमा पेरेल्स्टाइनची फ्लोरा पॅरिश.
कापड तेवढ्यात बसलं, एवढंच.

बाबा स्क्रँटनला कोट शिवायचे.
गिऱ्हाइकानं उजेडात धरून उलटासुलटा केला तरी
तुरपाईचा टाका दिसायचा नाही.
'दिसला तर तो टाका कसला,' म्हणायचे
सुई दातांत धरून.
त्यांना काय ठाऊक
मी काय शिकत होते.

ऑफिसात निभावलं.
नाताळच्या जेवणात डुकराचा काप
मोहरीत बुडवून गिळला, वर दुसरा मागितला.
मिस्टर लॅथ्रॉप 'त्या लोकां'वर विनोद सांगत
तेव्हा मी पहिली हसत नसे,
शेवटचीही नाही,
अगदी मधोमध.
हे मधोमध साधायला वर्ष गेलं.

मार्चमध्ये लायबेलचा फोन आला, जिन्याखाली.
तो यिडिशमध्ये रडत होता,
मी इंग्रजीत 'बरं, बरं' म्हणत राहिले,
कारण मिसेस ट्रास्क तीन हातांवर इस्त्री करत होत्या.
बाबा गेले. दफन उद्याच.
ऑफिसात सांगितलं, लांबचे एक काका.
लांबच्या काकांसाठी एक दुपार मिळते.
एका दुपारीत स्क्रँटन होत नाही.

रात्री आरशावर टॉवेल टाकला.
कोट काढला, त्यांनीच शिवलेला,
आणि छातीपाशी, डावीकडे, फाडला.
आतून.
बाहेरची लोकर जशीच्या तशी.
आवाज मात्र केवढा झाला,
मी दिवा मालवून उभी राहिले.

सकाळी कोट घालताना
हात बाहीऐवजी फाटलेल्यात गेला.
'आण इकडे, दोन टाके घालते,'
मिसेस ट्रास्कनी सुई ओवलीसुद्धा.
'नको!'
जरा जोरातच निघालं.
आईबापासाठी फाडलेलं
पुन्हा नीट शिवायचं नसतं,
हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते,
एपिस्कोपल तोंडानं?
'आतलंच आहे,' म्हटलं, 'कुणाला दिसतंय.'
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग सुईकडे,
आणि दोरा न काढताच ती
उशीत खोवून ठेवली.

आठ दहाची बस होती.
पाच बटणं. वरून खाली लावली.
चौथं जरा सैल होतं,
त्यांच्या हातचं असून.