पाणी मुरतंय

तिरुचेंगोडची बोअरगाडी
आमच्या वरच्या पट्टीत दोन दिवस थरथरली.
पाचवं भोक. सहाशे बारा फूट.
वर आली ती नुसती राखाडी भुकटी,
आईच्या वाळवणावर, कुत्र्याच्या पाठीवर,
हरभऱ्याच्या घाट्यांवर बसली.
बाबांनी भोकावर बादली पालथी घातली
आणि बादलीवर दगड.

बारा वर्षं मी त्या दगडाला
वळसा घालून नांगरट केली.

मग पंचायतीची कल्लव्वा आली,
खांद्यावर टेप, टेपच्या टोकाला खडू फासलेलं वजन.
म्हणाली, अक्का, इथं इंगु गुंडी करूया.
मला वाटलं, हिंग.
हारूगेरीच्या बाजारात इंगु मागितलं
की शेट्टर हिंगाचीच डबी देतो.
ती हसत सुटली.
इंगु म्हणजे मुरणंबी, म्हणाली,
फोडणीतलं वेगळं, रानातलं वेगळं.

दहा बाय दहा खड्डा, दहा खोल.
केसिंगला भोकं पाडली, वरून जाळी गुंडाळली.
तळाला गोटे, मग खडी, मग कोळसा, मग वाळू.
कोळसा इस्त्रीवाल्या नूरसाबनं दिला.
अर्ध्या पोत्याचे पैसे घेतले नाहीत,
कशाला पाहिजे तेही विचारलं नाही.

श्रावणात ओढा आला.
चर मारून गढूळ पाणी आधी हौदात निवळू दिलं,
मग खड्ड्यात सोडलं.
ते गेलं.
नुसतं गेलं.
गुडगुड आवाज येत राहिला रात्रभर,
जेवण झाल्यावर म्हातारं माणूस
पोटातल्या पोटात बोलतं तसा.

भाऊ म्हणाला, कुठंतरी पाणी मुरतंय.
त्याचा रोख कल्लव्वाच्या कमिशनवर होता.

माघात टेप टाकली.
आमच्या चौथ्या बोअरमधून
खडू जसा गेला तसा पांढराच वर आला.
तिसऱ्यातूनही.
उताराला सातप्पा मगदूमची विहीर,
जिच्यात पाच वर्षं फक्त पारवे नांदत होते,
तिच्यात साडेअकरा फूट पाणी.

सातप्पा.
दरसाल एक बोट बांध कोरत
आमची दीड सरी ज्यानं गिळली.
बाबांच्या मातीला जो आला,
पण रस्त्यावरच उभा राहिला.

खरं सांगते, मला राग आला.
पालथी बादली अजून गोठ्यात आहे.
दगडही आहे.
मुरवायचं मी आणि उपसायचं त्यानं?
दोन दिवस मी हेच चघळत होते,
तिसऱ्या दिवशी त्याच्या रानात
उसाच्या बेण्याचा ट्रॅक्टर शिरला.

मी बांध ओलांडला.
म्हटलं, काका, सगळ्या रानाला ऊस नको.
साडेअकरा फूट म्हणजे
तुमच्या मोटरीचे चाळीस दिवस.
पुढं पुन्हा पारवे.

तो म्हणाला, पाण्यावर तुझं नाव लिवलंय काय?
नाही, मी म्हटलं. म्हणूनच आले.

तो काही बोलला नाही.
पारवे आता त्याच्या आंब्यावर बसत होते,
त्यांच्याकडं बघत तंबाखू मळत राहिला.
ट्रॅक्टर परत गेला नाही.
पण अर्ध्याच रानात सरी पडली,
उरलेलं त्यानं शाळूसाठी मोकळं सोडलं.
अर्धं रान म्हणजे अर्धंच.
मी मनात हिशेब केला, सत्तर दिवस.
फार तर ऐंशी.

कल्लव्वा वहीत कन्नडमधून आकडा मांडत होती.
पुढच्या रकान्यात मालकाचं नाव.
तिचं पेन थांबलं, एकदा माझ्याकडं बघितलं,
एकदा सातप्पाकडं.
विहिरीचं लिही, मी म्हटलं, विहीर त्यांची.
मुरलेल्याला रकाना नाही.

मी वळले. बांधापाशी पोचले असेन,
तेव्हा मागून, तंबाखू थुंकून,
अकरा-बारा वर्षांतला त्याचा पहिला प्रश्न आला:

कोळसा कुठनं आणलास गं?